साखरेच्या वहीत मनासाठी रकाना

माझ्या आत्याच्या पिशवीत एक दोनशेपानी वही असते. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, रक्तदाब आणि वजन असे पाच रकाने आतोबांनी फूटपट्टीने आखून दिलेले. आतोबा गेले आणि त्या श्रावणापासून वहीतले आकडे बिघडत गेले. १३०-१४०च्या आसपास राहणारी उपाशीपोटीची साखर २००च्या खाली येईना, आणि पुढे तर महिनेच्या महिने रकाने कोरेच राहिले. त्यानंतरच्या तपासणीला मी तिच्यासोबत होतो. डॉक्टरांनी वही चाळली, "मावशी, पथ्य पाळत नाही तुम्ही, चालणंही सोडलंय," असे जरा दरडावून सांगितले, गोळीची मात्रा वाढवली आणि पुढचा केसपेपर ओढला. उठता उठता, दाराकडे वळताना आत्या म्हणाली, "जीवच लागत नाही हो कशात." हे वाक्य पाचांपैकी एकाही रकान्यात बसणारे नव्हते, त्यामुळे ते कोणी लिहून घेतले नाही. मलाही त्या वेळी ते नोंद करण्याजोगे वाटले नव्हते.

त्या डॉक्टरांवर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या दाराबाहेर त्या सकाळी साठ-सत्तर माणसे ताटकळत बसली होती. माझा आक्षेप आहे तो आपण सगळ्यांनी निमूटपणे मान्य केलेल्या एका वाटणीला. साखर, रक्तदाब, पोटाचा घेर ही शरीराची कामे, ती एका खिडकीवर. उदासी, उडालेली झोप, जगण्यातला आटलेला रस ही मनाची कामे, ती दुसऱ्या खिडकीवर, आणि त्या दुसऱ्या खिडकीकडे तर प्रकरण अगदी हाताबाहेर गेल्याशिवाय फिरकायचेच नाही. ही वाटणी कामाच्या सोयीसाठी पडली असेल, पण आजार ती पाळत नाहीत. ज्या राज्यात आणि ज्या देशात मधुमेह घरोघरी पोहोचला आहे, तिथे ती तशीच चालू ठेवणे आता परवडण्यासारखे राहिलेले नाही.

आधी पुरावा पाहू. वर्षानुवर्षे माणसांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यात लठ्ठ माणसांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांपेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त, तर नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याचा धोका ५८ टक्क्यांनी जास्त आढळला. त्याआधी, २००८ साली, असेच विश्लेषण मधुमेहाबाबत झाले होते. नैराश्य असलेल्यांना टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर मधुमेह असलेल्यांना नव्याने नैराश्य येण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी. म्हणजे रस्ता दुहेरी आहे, पण दोन्ही बाजूंची वाहतूक सारखी नाही. मनाकडून साखरेकडे जाणारी बाजू जास्त वर्दळीची दिसते. आपल्याकडची सर्वसाधारण समजूत नेमकी उलटी आहे. "साखर झाली म्हणून बिचारा खचला" हे आपण सहज म्हणतो. "खचला होता, म्हणून साखर झाली असेल" हे क्वचितच कोणाच्या तोंडून ऐकू येते.

जुन्या लोकांना ते सुचले होते. मधुमेह्याच्या लघवीची गोड चव नोंदवणारा सतराव्या शतकातला इंग्लिश वैद्य थॉमस विलिस या आजाराच्या कारणांत दीर्घ दुःखाचाही समावेश करत असे, आणि चरकसंहितेत रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिलेले आहे. यावरून आपल्याला सगळे आधीच ठाऊक होते अशी फुशारकी मारण्याचे कारण नाही. निरीक्षण जुने आहे. ते कसे घडते हे गेल्या काही दशकांतच थोडेफार उलगडू लागले आहे.

ते घडते असे. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक चढे राहते. यकृताने रक्तात साखर सोडावी, स्नायूंनी इन्सुलिनचे ऐकू नये आणि चरबी पोटाभोवती साठावी, असा या संप्रेरकाचा एकंदर कल असतो. संकटातून पळून जायचे असेल तेव्हा ही व्यवस्था कामाची. संकट जर रिकामी झालेली अर्धी खाट असेल, तर पळायचे कुठे? पोटाच्या आतली चरबीही नुसती पडून राहत नाही. ती दाह, म्हणजे इजा किंवा संसर्ग झाल्यावर उठते तशी शरीराची प्रतिक्रिया, वाढवणारी रसायने रक्तात सोडत राहते. नैराश्याच्या सुमारे चौथाई रुग्णांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे दाहाचे मोजमाप वाढलेले आढळते. हा दाह मेंदूपर्यंत पोहोचून मनःस्थिती बिघडवू शकतो का, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर एका वेगळ्याच आजारातून मिळाले. हिपॅटायटिस-सी या यकृताच्या रोगावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत, आणि हे औषध शरीराची दाहयंत्रणा चेतवत असे. उपचार सुरू होण्यापूर्वी मनाने ठणठणीत असलेल्या अनेक रुग्णांना काही आठवड्यांत रीतसर नैराश्य आले. त्यांच्या परिस्थितीत नवे असे एकच होते, ते इंजेक्शन.

त्यातही सगळे नैराश्य एका जातीचे नसते. काहींची अन्नावरची वासना उडते, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, कपडे अंगावर लोंबू लागतात. काहींना उलट सारखी भूक लागते, दहा-दहा तास झोपूनही अंग शिसे ओतल्यासारखे जड राहते आणि वजन वाढत जाते. दाह आणि इन्सुलिन-प्रतिरोध (शरीराने इन्सुलिनला दाद न देणे) यांचे धागे या दुसऱ्या प्रकारात अधिक सापडतात. आपल्या सामाजिक डोळ्याला मात्र पहिला प्रकारच नैराश्य म्हणून ओळखू येतो. खाणारा आणि झोपणारा माणूस दुःखी असेल हे आपल्या गळी उतरत नाही. त्याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो.

इथे पुण्याचा उल्लेख करायलाच हवा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडलेली 'कृश-स्थूल भारतीया'ची कल्पना अनेकांना माहीत असेल. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून आले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे चयापचय बिघडलेला माणूस दिसायला सडसडीत असू शकतो, त्यामुळे 'लठ्ठपणा आणि नैराश्य' ही पाश्चात्त्य जोडी जशीच्या तशी उचलून चालणार नाही; वजनकाट्याऐवजी कमरेला टेप लावावी लागेल.

पुण्याच्याच संशोधनातून पुढे आलेला दुसरा धागा बी-१२ जीवनसत्त्वाचा. शाकाहारी किंवा नावापुरत्या मांसाहारी कुटुंबांत त्याची कमतरता सर्रास आढळते, आणि मधुमेहावर सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने ती आणखी वाढते. बी-१२ कमी पडले की थकवा, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या आणि उदासी ही लक्षणे दिसू शकतात. आत्याची ही तपासणी कोणी केली नव्हती. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ती सांगितली, पातळी खूपच खाली निघाली, इंजेक्शने सुरू झाली. थकवा पुष्कळ उतरला. पायांच्या मुंग्या कमी झाल्या. आतोबांच्या खुर्चीत ती अजूनही कोणाला बसू देत नाही. इंजेक्शनने काय झाले आणि काय झाले नाही, हे मला तेव्हा स्वच्छ दिसले.

ते सांगायचे कारण असे की अलीकडे या विषयाला एक उतावळे टोक आले आहे. नैराश्य हा मुळात चयापचयाचाच आजार आहे, कर्बोदके तोडा, उपास करा, गोळ्या फेकून द्या, असे छातीठोक सांगणारे व्हिडिओ मराठीतही कमी नाहीत. आहाराचा उपयोग होतो याला आधार आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी ज्यांना आहारतज्ज्ञाने भाज्या, डाळी, अख्खे धान्य, मासे, ऑलिव्ह तेल अशा आहाराकडे वळवले त्यांतले ३२ टक्के लक्षणमुक्त झाले, तर ज्यांना तेवढाच वेळ फक्त गप्पांची सोबत दिली त्यांतले ८ टक्के. मात्र ही ६७ माणसांची चाचणी आहे, आणि त्यांतले बहुतेक जण गोळ्या किंवा मानसोपचार चालू ठेवूनच त्यात सामील झाले होते. एवढ्या पायावर कोणी गोळ्या सोडायला सांगत असेल तर तो धोक्याचा सल्ला आहे. शिवाय ब्रिटनमधील 'यूके बायोबँक' या लाखो लोकांच्या आरोग्य व जनुकांच्या संग्रहातील माहितीवरून केलेल्या जनुकीय विश्लेषणात एक विचारात पाडणारी गोष्ट निघाली. वजन वाढवणारी पण साखर-चरबीचे गणित न बिघडवणारी जनुकेसुद्धा नैराश्याशी जोडलेली दिसली. म्हणजे जाड माणसाच्या उदासीला सगळी रसायनेच कारणीभूत नाहीत. त्याला लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या सीटवर आणि शाळेच्या मैदानात जे ऐकून घ्यावे लागते, तेही तिच्यात आहेच.

ऐकून घेण्याचा हा मुद्दा मला कळीचा वाटतो. मधुमेहाची आपली सगळी भाषा शिस्तीची आहे. पथ्य पाळणे, ताबा ठेवणे, जिभेवर लगाम, साखर 'कंट्रोल'मध्ये असणे. नैराश्य नेमके काय हिरावून घेते? सकाळी उठून बूट घालण्याची ताकद, स्वतःपुरती भाकरी थापण्याचा उत्साह, पुढल्या महिन्याचा विचार करण्याची उमेद. ज्याची ही शिदोरीच संपली आहे त्याला आपण शिस्तीवरून झापतो. तो खजील होतो, पुढची तपासणी चुकवतो, साखर चढते, आणि पुढच्या वेळी झापायला आणखी मोठा आकडा हाती येतो. या चक्रात नैतिक ठपका हा स्वतःच आजार वाढवणारा घटक बनतो. पथ्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पथ्य पाळणारा माणूस आधी जागेवर आहे का, एवढे पाहावे असे म्हणतो.

आकड्यांचा आवाकाही लक्षात घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत, आणि मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आहे ते गोव्यात, २६.४ टक्के. दुसरीकडे निमहान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे ८५ जण उपचारांविना असल्याचे दिसले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

गंमत अशी की ज्या एकत्र नोंदीची मागणी मी करतो आहे, ती कागदावर झालेली आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आशाताई आजारांच्या जोखमीचा जो 'सीबॅक' फॉर्म भरतात, तो कधी नीट वाचून पाहावा. पहिल्याच भागात वय, तंबाखू, दारू, व्यायाम यांच्याबरोबर कमरेचा घेर विचारला आहे. बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या वर गेला की गुण चढू लागतात. त्याच फॉर्मच्या शेवटच्या भागात दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश, हताश वाटले का. दोन्ही उत्तरांच्या गुणांची बेरीज ३ पेक्षा जास्त झाली तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे पाठवायचे. ज्याने हा फॉर्म आखला त्याला कंबर आणि मन एकाच माणसाचे असतात हे पक्के ठाऊक होते. पण फॉर्म भरून झाल्यावर त्याचे दोन तुकडे होतात. घेराचे गुण असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमाकडे जातात, तिथे साखर-रक्तदाबाची तपासणी होते, औषधे मिळतात, उद्दिष्टे आणि आढावा बैठका असतात. दोन प्रश्नांचे गुण जातात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या दिशेने, आणि तो बहुतेक तालुक्यांपासून एका एसटीच्या अंतरावर असतो. शिवाय सून, सासू आणि शेजारीण समोर बसलेल्या असताना "तुम्हाला हताश वाटतं का?" या प्रश्नाला "नाही बाई, सगळं बरं आहे" याशिवाय दुसरे उत्तर कोणती बाई देणार?

दुसऱ्या खिडकीवरची उपेक्षा याहून कमी नाही. ओलान्झापिनसारख्या काही मनोविकारविरोधी औषधांनी वजन आणि साखर झपाट्याने वाढू शकते, आणि नैराश्यावरच्या मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारख्या गोळ्यांनीही भूक वाढते. २००४ सालीच अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार या दोन्ही क्षेत्रांतील संघटनांनी एकत्र येऊन सांगितले होते की, नव्या पिढीतील मनोविकारविरोधी औषधे सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी मोजा आणि ठरावीक अंतराने पुन्हा मोजा. आपल्याकडच्या किती मनोविकार बाह्यरुग्ण विभागांत डॉक्टरांच्या टेबलावर मोजपट्टी दिसते? बाकी राहू द्या, साधा वजनकाटा तरी चालू असतो का? सहा महिन्यांत दहा किलो वाढलेली तरुणी गोळ्या गुपचूप बंद करते, आजार उलटतो, आणि केसपेपरवर 'औषध अनियमित' असा शेरा पडतो. इथेही तोच शिस्तीचा ठपका, फक्त खिडकी बदललेली.

एकत्र उपचार करून फरक पडतो का, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भारतातच मिळालेले आहे. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील चार मधुमेह-केंद्रांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेले ४०४ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याच दवाखान्यात एक काळजी-समन्वयक, जो त्यांच्याशी बोले, फोन करी, औषधांची आठवण ठेवी आणि पडद्यामागे मनोविकारतज्ज्ञ व मधुमेहतज्ज्ञ यांच्यासोबत ठराविक दिवशी यादी तपासून उपचार बदलून घेई. दोन वर्षांनी नैराश्य निदान निम्म्याने उतरलेले आणि शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारलेले असे रुग्ण समन्वयकाच्या गटात ७१.६ टक्के निघाले, नेहमीच्या गटात ५७.४ टक्के. आकडा चमत्कारिक नाही, म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो.

या व्यवस्थेला मनोविकारतज्ज्ञांची फौज लागत नाही, हे गोव्याने दाखवून दिले आहे. 'संगाथ' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लक्षणमुक्त झाले होते, तर फक्त सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. त्या बैठकांत काय होत असे ते पाहिले की माझा मुद्दा आपोआप पुढे सरकतो. सुटलेली कामे लहान लहान तुकड्यांनी पुन्हा धरायची, घराबाहेर पडायचे, माणसांत मिसळायचे, ठरवलेल्या वेळी उठायचे. मधुमेहाचा डॉक्टर "रोज चाला" म्हणून जे एका वाक्यात सांगून मोकळा होतो, ते करायला माणसाला उभे कसे करायचे याची ही रीत आहे. मधुमेहात देशात पहिल्या क्रमांकावर असलेले राज्य आणि ही रीत सिद्ध झालेले राज्य एकच असावे, आणि तरी ही रीत मधुमेहाच्या रांगेपर्यंत नेहमीची म्हणून पोहोचू नये, याला दैवगती म्हणता येणार नाही.

यावरचा एक आक्षेप मला मनापासून पटतो. थकवा, झोपमोड, भुकेतला बदल ही लक्षणे चढलेल्या साखरेचीही असतात. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्या माणसाने झोपेच्या प्रश्नाला "हो" म्हटले म्हणजे त्याला नैराश्य झाले असे होत नाही. शिवाय सुया, पट्ट्या आणि पथ्ये यांचा सततचा वैताग हे निराळे दुखणे आहे आणि त्यावर गोळी हे उत्तर नव्हे. म्हणूनच प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे, ती बोलायला सुरुवात आहे, हे प्रशिक्षणात बजावून सांगावे लागेल. कोरडवाहू शेतकऱ्याच्या उदासीला कॉर्टिसोलचे नाव देऊन कर्जाचा प्रश्न बाजूला सारला जाण्याचे भयही खोटे नाही. पण त्या शेतकऱ्याची साखर न मोजल्याने त्याचे कर्ज फिटणार नाही.

आशाताईंवर आणखी ओझे नको, हा दुसरा आक्षेप. तो मान्य करूनच माझी मागणी छोटी आहे. प्रश्न आधीच विचारले जात आहेत. ज्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात मधुमेह-रक्तदाबाची ओपीडी असते, त्याच दिवशी, त्याच रांगेत, पडद्याआड एक प्रशिक्षित समुपदेशक बसावा. ज्यांची साखर सलग दोन भेटींत खाली आलेली नाही, त्यांच्या गोळीची मात्रा वाढवण्यापूर्वी त्यांना त्याच्याकडे दहा मिनिटे पाठवावे आणि बी-१२ तपासावे. मनोविकार विभागाला मोजपट्टी आणि चालू वजनकाटा द्यावा. दोन्हीकडे केसपेपर एकच असावा, आणि जो रुग्ण तारखेला आला नाही त्याला फोन करण्याचे काम एका नावाच्या माणसावर सोपवावे, 'विभागावर' नव्हे. आत्याने त्या वर्षी चार तारखा चुकवल्या होत्या. फोन एकदाही आला नाही.